गोदाबाईंचे नऊ

“…पण नऊ म्हणजे नऊच ना, महाराज?” श्रीरंगाने फॉर्म भरणाऱ्यांची यादी पुढे धरली. “वीसपैकी नऊ. दहाच्या आतल्या सगळ्यांना मी घरी पाठवलं.”

केशवगिरी महाराज पूर्वी कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्त झाले आणि टेकडीवरच्या मठात येऊन राहिले. लोक पाया पडायला येत, हे त्यांना फळ्यासमोर बसवत. बारावीच्या गणितात अडकलेली मोठी माणसं त्यांच्या ओसरीवर शिकायची.

श्रीरंग विद्यापीठात पहिला आलेला. तीन महिन्यांपासून महाराजांचा शिष्य. ओसरीवरची प्रत्येक चाचणी तोही हौसेनं सोडवायचा आणि बाकीच्यांचे पेपर तपासायचा. आज महाराज वर्ग आपल्या हाती सोपवणार, याची त्याला खात्री होती. ती त्याच्या चालण्यातही दिसत होती.

“गोदाबाईंनाही पाठवलंस?”

“अंगणवाडीतल्या मदतनीस ना? हो. बारावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख. नापास होणाऱ्यांनी कशाला भरायचा?”

“काय म्हणाल्या?”

“काही नाही. वही पिशवीत घातली… आणि गेल्या.”

वीस वर्षांपूर्वी राहिलेला एक पेपर. तो सुटला तर गोदाबाई मदतनीस पदावरून अंगणवाडी सेविका होणार होत्या. महाराजांना ते ठाऊक होतं. श्रीरंगाने कधी विचारलं नव्हतं.

महाराजांनी पाटी ओढली.

“य बरोबर क्षचा वर्ग. क्ष तीन असताना या वक्राला चढ किती?”

श्रीरंगाला हसू आलं. “सहा. विकलन केलं, म्हणजे चढाचं सूत्र काढलं, की दोन क्ष. त्यात तीन घातले, सहा.”

“थांब, मी करतो.” महाराजांनी क्षच्या जागी आधीच तीन घातले. तीनचा वर्ग नऊ. “आता या नऊचं विकलन कर.”

“शून्य… महाराज, ही तर नवख्यांची चूक! आधी विकलन, मग किंमत. किंमत आधीच घातली की वक्र उरतच नाही, नुसता आकडा उरतो.”

“आणि आकड्याला चढ?”

“नसतो. कुठलाही घ्या, शून्यच.”

“अशी चूक करणाऱ्याला तू किती गुण देतोस?”

“एकही नाही.”

“बरं करतोस.”

महाराज उठले. फडताळातल्या गठ्ठ्यातून गोदाबाईंचे तीन पेपर काढले आणि ओळीनं मांडले.

आषाढ, एक. श्रावण, चार. भाद्रपद, नऊ.

लाल शाईतले आकडे श्रीरंगाच्याच हातचे होते.

तो बघत राहिला… एक, चार, नऊ. त्याला मनापासून लाज वाटली.

“खालच्या वळणापर्यंत पोचल्या असतील,” तो पुटपुटला आणि चपला शोधू लागला.

“सावकाश जा. पायऱ्या निसरड्या आहेत.”

अर्ध्या तासानं गोदाबाई ओसरीवर बसून फॉर्म भरत होत्या. पदराने घाम टिपत होत्या आणि प्रत्येक रकाना दोनदा वाचत होत्या. श्रीरंगाने यादीत त्यांचं नाव स्वतः लिहिलं.

तरी तो तिथेच घुटमळत राहिला.

“महाराज… वर्गाचं काय ठरवलंत? चूक झाली, कबूल. पण मला तिन्ही चाचण्यांत वीसपैकी वीस आहेत.”

ओल्या फडक्याने महाराजांनी पाटी पुसली, सुकू दिली आणि त्याच्या हातात ठेवली.

“आषाढात वीस, श्रावणात वीस, भाद्रपदात वीस… मांड. आणि चढ काढ.”