उष्टा घास

माणसांनी लाकडाची कपाटं करायला घेतली, त्याच्याही फार आधीची गोष्ट. जंगलात पडलेल्या आंब्याच्या ओंडक्यात वाळव्यांचं मोठं कुटुंब सुखानं नांदत होतं. त्यांच्यात एक रीत होती. कुणी कात टाकली की घरातल्या दुसरीनं तिला आपल्या तोंडचा घास भरवायचा.

एकदा कुरकुरी नावाच्या वाळवीनं कात टाकली आणि ती पांढरीशुभ्र, नवीकोरी झाली. आत्याबाई घास घेऊन आल्या, तशी ती मागं सरली.

"शी! लहानपणी खाल्लं ते खाल्लं. आता मी मोठी झालेय, कुणाचं उष्टं खायची नाही."

ती दूरच्या कोपऱ्यात जाऊन एकटीच लाकूड खात बसली. चार दिवसांत पोट टम्म फुगलं, पण पाय उचलायचं त्राण राहिलं नाही. तेव्हा आत्याबाई पुन्हा घास घेऊन तिच्याकडे आल्या.

"आत्याबाई, एवढं खाते, तरी अंगी का लागत नाही?"

"कसं लागेल? आपण लाकूड नुसतं चावतो गं. ते पचवतात पोटातले इवलेसे पाहुणे. कातीबरोबर तुझे सगळे निघून गेले. या घासातून ते परत येतात."

कुरकुरीनं गुपचूप आ केला. हळूहळू पोट हलकं झालं, पायांत बळ आलं आणि एके सकाळी ती ओंडकाभर नाचत सुटली.

"आत्याबाई, तुमच्याकडे कुठून आले हो इतके गुणी पाहुणे?"

आत्याबाई खुदकन हसल्या. "मागं मी कात टाकली, तेव्हा तूच भरवलेस की, बये!"