अर्धा घासलेला तवा

सोनवडी संस्थानाच्या मुदपाकखान्यात अंड्यांसाठी बिडाचा एक वेगळा तवा होता. स्वयंपाकीण शरीफाबी त्याला तीस वर्षं तेल पाजत आली होती. त्याला राख नाही, चिंच नाही. काम झालं की फडक्यानं पुसायचा, एवढंच. तवा काजळासारखा काळा झाला होता.

नवे कारभारी हैबतराव पाहणीला आले. त्यांना प्रत्येक भांड्यात आपला चेहरा दिसायला हवा असे.

"हा काय कोळसा ठेवलायस?" ते म्हणाले. "उद्या न्याहारीच्या आत विटेच्या पुडीनं घासून लख्ख कर. नाहीतर तव्यासकट तू बाहेर."

"जी, रावसाहेब," शरीफाबी म्हणाली.

सकाळी तिनं महाराजांसमोरच्या शेगडीवर तवा ठेवला आणि सगळे बघतच राहिले. अर्धा तवा चांदीसारखा चकाकत होता, अर्धा काळाच होता. तिनं दोन्ही बाजूंवर एकेक अंडं फोडलं. मग उलथन्याला हात न लावता तवा नुसता तिरका केला. काळ्या बाजूचं अंडं ढगातून चंद्र सरकावा तसं अलगद महाराजांच्या ताटलीत उतरलं. कडेला साधी सुरकुतीही नाही. चकचकीत बाजूचं जागचं हललं नाही.

हैबतराव म्हणाले, "अर्धाच का घासलास?"

"अर्धा आपल्या हुकमासाठी घासला, रावसाहेब. अर्धा महाराजांच्या न्याहारीसाठी ठेवला."

महाराज हलकेच म्हणाले, "शरीफाबी, ते हुकमाचं अंडं खरवडा आणि रावसाहेबांना वाढा."