कॅमेऱ्यापुढची दाटी

फार वर्षांपूर्वी एका पाणथळीवरच्या पक्ष्यांना एक नियम होता: कॅमेरेवाला आला की सगळ्यांनी त्याच्यापुढे दाटीने उभं राहायचं, आणि का ते विचारायचं नाही.

लाल पायांच्या एका तरुण शेकाटीला या नियमाचा संशय यायचा. दरवर्षी पक्षी कमी होत होते, पण फोटोत तळं गच्च भरलेलं दिसायचं.

एका सकाळी कॅमेरेवाला आला. म्हातारा चित्रबलाक तिला म्हणाला, "पोरी, पंख पसर. मागची मोकळी जागा झाकायला हवी."

"कशासाठी, आजोबा?"

"तळं भरलेलं दिसलं की माणसं खूश राहतात, आणि तळ्याला हात लावत नाहीत."

"मग पलीकडे मातीचा भराव कोण टाकतंय? आपलं छान चाललंय, असं आपणच त्यांना दाखवतोय."

"चार पावसाळे पाहिले नाहीत, आणि आम्हाला शिकवते," शेजारी उभी असलेली बगळीकाकू म्हणाली.

"काकू, गेल्या वर्षी माझी अंडी त्या भरावाखाली गेली. यंदा कुठे घालू? मी नाही दाटीत उभी राहणार. आपण किती उरलोय, ते त्याला दिसू दे."

ती उडाली आणि मागच्या रिकाम्या चिखलात जाऊन उभी राहिली. तिला परत बोलवायला चित्रबलाकाने चोच उघडली. पण तिच्या चहूकडे किती जागा मोकळी पडली आहे, ते त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्याने आपले पसरलेले पंख मिटून घेतले.