भागूआत्याची पारख

एका तळ्यात पूर्वी भागूआत्या नावाची मरळ राहायची. गळाला लावलेले लाकडी मासे ओळखण्यात ती पटाईत होती. पुढेपुढे तिला प्रत्येक मासा लाकडीच वाटू लागला.

"आत्या, हा खरा आहे," पिल्लं सांगायची.

"खोटा असाच दिसतो," असं म्हणून ती उपाशी राहायची.

महिन्याभराने रंग उडालेला, वेडावाकडा पोहणारा एक मासा समोर आला. "खोटा असता तर नीट बनवला असता," म्हणत आत्याने तो गिळला आणि ती गळाला लागली. कोळ्याने तिला वर काढलं, पण अंगावर नुसते काटे उरलेले पाहून परत पाण्यात सोडलं.

पिल्लं घाबरून भोवती जमली. फाटका ओठ सावरत आत्या म्हणाली, "पाहिलंत? उपाशी होते म्हणून वाचले. उद्यापासून तुम्हालाही शिकवते."