राणीच्या चौकातली शाळा

“एकवीस मुली, आणि एकवीस जणी हजर असा एक दिवस नाही!” सारंगगडच्या भुजंगराजांनी हजेरीपट भर दरबारात आपटला. “पंतोजी, कुठे जातात या?”

पंतोजी जमिनीकडे बघू लागले.

“दिवाणजी, तुम्ही सांगा!”

दिवाणजींना एकदम खोकला आला.

मुली का येत नाहीत, हे राजे सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत पाणी नव्हतं, की आतून कडी लागेल अशी एखादी खोली नव्हती. मुलीला पाळी आली की ती चार दिवस घरी बसे. काही जणी पाचव्या दिवशीही परतत नसत, आणि मग कधीच नसत. पण हे राजांपुढे बोलणार कोण?

“शेजारचे राजे पुढच्या पौर्णिमेला शाळा बघायला येतायत! तोवर एकही गैरहजेरी दिसली, तर शाळेला कुलूप! तिथे हत्तीचा चारा भरीन!”

हजेरीपट उचलायला पंतोजींबरोबर हौसा आली होती. त्या एकवीस जणींतलीच एक, राजवाड्याच्या परिटाची मुलगी, वय तेरा. तिची जोडाक्षरं कालच कुठे संपली होती. चाऱ्याचं नाव ऐकताच ती पुढे झाली.

“सरकार, एक खोली बांधून द्या,” ती म्हणाली. “आत पाणी, आतून कडी. मग बघा, सगळ्या हजर!”

“खोलीचा आणि हजेरीचा काय संबंध?”

“ते इथे सांगण्यासारखं नाही.”

“मग माझ्याकडेही देण्यासारखं काही नाही! वीट नाही, पैसा नाही, वीतभर जमीन नाही! एवढी हुशार आहेस ना? यातलं काही न घेता हजेरी भरून दाखव!”

“आणि दाखवली तर?”

“मागशील ते देईन!”

“मग एक परवानगी हवी, सरकार. महिनाभर शाळा मी म्हणेन तिथे बसेल.”

“झाडावर बसव, नाहीतर विहिरीत बसव!”

“शब्द?”

“शब्द!”

हौसा तिथून निघाली ती धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन थेट राणीच्या चौकात. घड्या पोचवायला ती दर आठवड्याला तिथे जायची. तिथल्या न्हाणीघरात घंगाळभर गरम पाणी असतं, फळीवर स्वच्छ कापडाच्या घड्यांची चवड असते आणि मागे भिंतीआड, चांगल्या उन्हात, वाळवणीची दोरी असते, हे तिला पाठ होतं.

तिने राणीला सगळं सांगितलं.

“रोज एकवीस जणी?” राणी म्हणाली. “गोंधळ होईल गं.”

“होईल, राणीसाहेब.”

राणीने चौकातल्या झोपाळ्याकडे पाहिलं. चार वर्षांपूर्वी धाकटी राजकन्या देवाघरी गेली, तेव्हापासून तो वर बांधून ठेवलेला होता.

“होऊ दे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजे साखरझोपेत असताना खिडकीखाली एकवीस गळे एकदम गरजले. “बे एके बे!”

राजे पलंगावरून पडता पडता वाचले. खिडकीतून ओरडले, “ही काय शाळा बसवायची जागा आहे?”

“झाडापेक्षा बरी, सरकार!” खालून हौसाचं उत्तर आलं. “आणि विहिरीपेक्षा कोरडी!”

पंतोजींना राणीच्या चौकात प्रवेश नव्हता. ते भिंतीबाहेर बसत आणि भिंतीवरून ओरडून शिकवत. मुली आतून ओरडून उत्तरं देत. मधल्या सुट्टीत लंगडी, फुगडी. राजांची दुपारची झोप गेली. एकदा दरबारात सेनापतींनी विचारलं, “सरहद्दीवर घोडेस्वार किती धाडू?” राजे डुलकीतून दचकून म्हणाले, “सतरा पाचे पंच्याऐंशी!” सेनापतींनी पंच्याऐंशी धाडले. पुरले.

दोन आठवड्यांनी राजांच्या लक्षात आलं, झोपाळा खाली सोडलेला आहे.

पौर्णिमेला शेजारचे राजे आले. त्यांनी दरबारात हजेरीपट उलटसुलट करून पाहिला. एकही गैरहजेरी नाही! “भुजंगराजे, हे जमवलंत कसं? आमच्याकडे तर रोज चार-पाच जणी गायब!”

आता भुजंगराजांना कुठे माहीत होतं! त्यांनी हौसाला बोलावलं. “वीट घेतली नाहीस, पैसा घेतला नाहीस. मग माझ्या चौकात असं काय आहे जे शाळेत नाही?”

“एक खोली, सरकार. तुमच्याच वाड्यातली. तुम्ही कधी न पाहिलेली.”

“माझ्या वाड्यात मी न पाहिलेली खोली? अशक्य!”

राजे तरातरा चौकात गेले. न्हाणीघराच्या दाराशी राणी उभी होती. “आत जायचं नाही. मुलगी आहे आत.” आणि मग तिने हळू आवाजात चार वाक्यांत सगळं सांगितलं.

राजे परतले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

“काय आहे हो तिथे?” शेजारच्या राजांनी विचारलं.

भुजंगराजांनी पंतोजींकडे पाहिलं. पंतोजी जमिनीकडे बघू लागले. दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींना खोकला आला. राजांना स्वतःलाही खोकला येऊ लागला.

तेव्हा हौसा हात जोडून पाहुण्यांना म्हणाली, “महाराज, अशी खोली तुमच्याही वाड्यात आहे. घरी गेलात की आपल्या राणीसाहेबांना विचारा!”

राजांमागून येऊन पडद्याआड बसलेली राणी हसली, आणि तिच्यामागोमाग भुजंगराजे इतके हसले की मुकुट सावरावा लागला. “माग, पोरी! शब्द दिलाय मी!”

“शाळेत खोली, सरकार. आत पाणी, आतून कडी, मागे उन्हात दोरी.”

“राज्यातल्या प्रत्येक शाळेत बांधतो! पण तुझ्यासाठी काय?”

“पंतोजींना पंधरा दिवस सुट्टी द्या. ओरडून ओरडून त्यांचा आवाज गेलाय.”

पंतोजींनी जोरजोरात मान हलवली. आवाज खरंच फुटत नव्हता.

“आणि तोवर शिकवणार कोण?”

“मी आहे की!”

राजांनी गळ्यातला कंठा काढून तिच्या हातावर ठेवला. खिडकीतून झोपाळ्याच्या कड्यांची करकर येत होती. दोन मुली उभ्याने झोके घेत होत्या. राजे थोडा वेळ ऐकत राहिले.

“दिवाणजी,” ते म्हणाले, “उद्यापासून गवंडी कामाला लावा. लांबच्या शाळांपासून सुरुवात करा. आपल्या इथली खोली सगळ्यात शेवटी. तोवर शाळा चौकातच बसेल!”