एफीची वाट

स्कॉटलंडात क्रेगवॉरा नावाचा एक जुना किल्ला आहे. गेलात तर बुरूज मागून बघा, आधी बागेत फिरा. गुलाबांचे ताटवे कापत एक पायवाट सरळ खालच्या झऱ्याकडे जाते. एवढ्या आखीव बागेत ही आडदांड वाट आली कुठून, ते सांगते. मधे कुणी बोलायचं नाही.

फार मागची गोष्ट, आपल्या आज्यांच्या आज्या रांगत होत्या तेव्हाची. किल्ल्याखालच्या गावात एफी नावाची सुईण होती. गावाला पाणी त्या एकाच झऱ्याचं, आणि वाट सगळ्यांची. पण किल्ल्याच्या सरदाराला बागेची हौस आली. त्यानं भिंत घातली, वाट बुजवली, वर काटेरी गुलाब लावले. गावानं म्हणे डोंगराला वळसा घालून पाणी आणावं! मेल्यानं कधी बादली उचलली होती?

गाव गप्प बसलं. एफी नाही बसली. रोज भिंत चढायची आणि गुलाब तुडवत पाण्याला जायची. माळ्यांनी सकाळी रोपं लावावीत, संध्याकाळी तिथं पुन्हा पायवाट. असं म्हणतात, पुढेपुढे काटेच तिला बघून अंग चोरायचे.

"म्हातारे, बाग माझी आहे!" सरदार ओरडला.

"असेल की. वाट आमची आहे. तुझी नाळ कापायला मी याच वाटेनं आले होते, विसरलास?"

तिकडं एक समजूत होती. जिथून प्रेत नेलं, ती वाट कायमची सगळ्यांची. मग राजालाही ती बंद करता येत नाही. दफनभूमी झऱ्यापलीकडे होती. एफीनं अंथरूण धरलं तेव्हा गावाला बजावलं, "मला बागेतूनच न्या. आता अडव म्हणावं त्याला."

एफी गेली, तसं सरदारानं बागेच्या दाराला कुलूप घातलं आणि आडवा उभा राहिला. लोकांनी शवपेटी दारासमोर टेकवली.

"उचला! वळशानं न्या!"

चौघांनी हात लावला, पेटी हलेना. सरदाराचे गडी धावले, घोडे जुंपले. दोर तुटले, पण पेटी तसूभर हलली नाही, असं म्हणतात. रडणारं गाव हसायला लागलं. सरदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं कुलूप काढलं, तशी पेटी इतकी हलकी झाली की दोन पोरींनी ती खांद्यावर घेतली आणि गुलाबांतून थेट पार नेली.

आता तिथं घरोघरी नळ आहेत. तरी दर वर्षी त्या दिवशी अख्खं गाव भरल्या बादल्या घेऊन बागेतून जातं, मुद्दाम, सरदाराच्या खिडकीखालून. किल्ल्याला तिकीट आहे. एफीच्या वाटेचं कुणी मागून तर बघावं!