तळ्याचा अर्धा मार्क

"म्हणजे बाई, तुम्ही उतरणारच नाही?"

"नाही."

"अहो, पण ह्याच बेटासाठी तर इथवर..."

"डेलॉसवर प्राचीन काळी जन्मायला आणि मरायला बंदी होती. मीच शिकवलंय तुला. माझं वय बघ, खोत. उगाच कायदा मोडायला नको."

प्रल्हाद खोताने कपाळावर हात मारला.

केळशीच्या शाळेत द्वारकाबाईंनी त्याला सातवीला इतिहास शिकवला. आता तो साठीला टेकलेला, पुण्यात दोन कारखाने. ग्रीसमध्ये शिडाची नौका कप्तानासकट भाड्याने घेऊन बाईंना बेटामागून बेट दाखवत निघाला होता. गाव म्हणालं, गुरुभक्ती असावी तर अशी!

भक्ती होतीच. खोटं कशाला बोला? पण भक्तीच्या पोटात एक काटाही होता.

सातवीच्या परीक्षेत बाईंनी डेलॉसचा नकाशा घातला. पुस्तकात नसलेला, हौसेने फळ्यावर शिकवलेला. संगमरवरी सिंहांची रांग आणि त्यांच्यासमोर पवित्र तळं. प्रल्हादने तळं निळं रंगवलं नाही. बाईंनी अर्धा मार्क कापला. तेवढ्यावर वैद्यांची कुसुम पहिली आली.

माणूस कारखाने काढतो, नातवंडं खेळवतो... आणि असला अर्धा मार्क काही विसरत नाही.

गेल्या वर्षी त्याने त्या तळ्याविषयी कुठेसं वाचलं, आणि दुसऱ्याच दिवशी नौका ठरवली.

तो छोट्या होडीतून एकटाच बेटावर गेला. बाई नौकेवर छपराखाली बसून पिस्ते सोलत राहिल्या. शेजारच्या बेटावरच्या बाजारात त्यांनी ते स्वतः घासाघीस करून घेतले होते, मराठीत.

उन्हं कलायच्या आत तो परत आला. घामाघूम, पण चेहरा असा की जणू किल्ला सर केलाय.

"बाई, तळं नाही."

"काय?"

"तळंच नाही तिथे! कोरडं ठाक. मधोमध एक खजुराचं झाड, बस्स. मलेरियाच्या भीतीने बुजवलं, शंभरेक वर्षं झाली. तुम्ही माझा मार्क कापलात ना, तेव्हासुद्धा नव्हतं!"

बाईंचा हात थांबला.

नौका हलकेच डुलत होती. प्रल्हादला वाटलं, आपण जरा मोठ्यानेच बोललो.

"आणि सिंह?" बाईंनी विचारलं.

"आहेत. झिजलेत बिचारे."

"बघतात कुठे?"

"तळ्याकडे."

"तळं नाही म्हणालास."

"म्हणजे... जिथे होतं तिकडे."

"खरे आहेत का रे ते?"

"नाही. खरे म्युझियममध्ये नेऊन ठेवलेत. बाहेर आहेत त्या नकला."

"नकलासुद्धा तिकडेच बघतात?"

"...हो."

बाईंनी मान वळवून बेटाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "चुकलं माझं."

ह्याची तयारी प्रल्हादने केली नव्हती. भांडणाची केली होती, पुराव्यांची केली होती. मोबाइलमध्ये फोटो काढून आणले होते. ते दाखवायचेही राहिले.

बाईंनी एक पिस्ता घेतला, नखाने त्याच्या दोन पाकळ्या केल्या. एक त्याच्या तळहातावर ठेवली.

"हा घे. तुझा अर्धा मार्क."

खावा की जपून ठेवावा, प्रल्हादला कळेना. त्याने मूठ मिटली. आणि तो उगाचच समुद्राकडे बघू लागला.

उरलेली पाकळी बाईंनी तोंडात टाकली. सावकाश चावली.

"आणि काय रे खोत... त्या सिंहांना सांगून आलास का, तळं नाही म्हणून?"